काळा पडलेला ईसीजी

कागद टिकवायचं मला वेड. रेशनकार्ड, सातबारा, लेकीची गुणपत्रिका, सगळं वसमतला नेऊन लॅमिनेशन केलेलं. झेरॉक्सवाल्याच्या यंत्रात मावली असती, तर म्हैससुद्धा करून आणली असती. निदान माशा तरी बसल्या नसत्या.

अशा माणसाच्या हाती डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोचा ईसीजी दिला.

"काका, काकूंच्या हृदयात डाव्या बाजूला वीज जरा उशिरा पोचते. म्हणून रेघ रुंद दिसते. त्यांचं हे जुनंच आहे. पण उद्या छातीत दुखलं, तर हीच रेघ नव्या अटॅकची वाटू शकते. हा कागद जपा. दुखलं की आधी दाखवा."

जपा म्हटल्यावर मी कशाला थांबतो? तडक झेरॉक्सच्या दुकानात. यंत्रानं एका बाजूनं गुलाबी चौकटींची पट्टी गिळली आणि दुसऱ्या बाजूनं डांबरी सडकेचा तुकडा बाहेर काढला.

"चाचा, ये तो गरमी से काला पडनेवाला कागज है. पहले बोलना था ना!"

मला काय ठाऊक, त्या कागदावर शाई नसते, उष्णतेनंच रेघ उमटते म्हणून!

घरी बायकोनं विचारलं, "कागद कुठंय?"

"पेटीत. बँकेतबी एवढा बराबर राहणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी जाऊन बाईंना सांगायचं, नवा काढून घ्यायचा. पण हळद शिजवायची घाई होती. उद्या जाऊ, परवा जाऊ करत तीन आठवडे गेले.

आणि एका दुपारी हळदीच्या कढईशेजारी बायको मटकन खाली बसली. छातीवर हात, कपाळावर घाम.

"अहो, तो कागद घ्या."

"घेतला," म्हणालो. आमच्या जवळा बाजारपासून वसमतपर्यंत जीपमध्ये खिशातलं ते प्लास्टिक मला बोचत होतं.

दवाखान्यात हातापायांना चार चिमटे, छातीवर सहा तारा. यंत्र कुरकुरलं, पट्टी आली. रेघ रुंद.

"जुना द्या, काका."

"यांनी जपून ठेवलाय, बाई," बायको पडल्या पडल्या म्हणाली. "कागदाच्या बाबतीत लई पक्के हायेत."

आख्ख्या तालुक्याला थापा मारलेला मी. त्या वेळी एक सुचली नाही. काळी पट्टी पुढं केली. बाईंनी ती उजेडाकडं धरली, तिरपी केली. काहीच दिसेना.

"आता मला हे नवीनच धरावं लागेल. नांदेडला न्या, आत्ताच."

"कवा झालं हे?" बायकोनं विचारलं.

"त्याच दिवशी."

"आन् मला पेटीत हाय म्हणालात."

ॲम्ब्युलन्समध्ये पडद्यावर तिची हिरवी रेघ पळत होती. दोन ठोक्यांमधल्या जागेत मी शंभर-शंभर नवस बोललो.

नांदेडला मनगटातून नळी घालून तपासलं. रक्तवाहिन्या साफ. रेघ जुनीच होती. तो कागद धड असता, तर तिच्या जिवाला एवढी तकलीफ झाली नसती.

नवा ईसीजी तिनं माझ्या हाती दिला नाही. लेकीकडं आहे म्हणतात.

परवा अंगणात सोयाबीन उलटताना ती मध्येच थांबली. हात छातीवर गेला आणि मला पाहून लगेच खाली आला.

"दुखून राहिलं का?"

"न्हाई."

खोटं कसं बोलतात, हे मला नाही कळणार तर कुणाला? मी जीप बोलवायला धावलो.