होडीतलं खासगी बोलणं

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! सांगतो, पण हसायचं नाही. हसलात तर उठून जाईन.

बहात्तरचा दुष्काळ सरून तलाव पुन्हा भरला होता, तेव्हाची गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालेलं. बायको दुधनीची, पार कर्नाटकाच्या शिवेवरची. घर केवढं? दीड खोली! त्यात आई, बाबा, आत्या आणि आम्ही. बायकोशी बोलणं म्हणजे "मीठ दे", बस्स. आणि मला तर तिला सांगायचं होतं, की मी गुपचूप वेगळी खोली बघून ठेवलीय. सांगणार कुठं?

म्हटलं, तलाव! सोलापूर त्याचं पाणी पितं आणि संध्याकाळी त्याच्याच बांधावर हवा खातं. तिथं भाड्यानं होडी मिळायची. आईला म्हटलं, "हिला तलाव दाखवून आणतो."

"चला की!" आई म्हणाली. सगळेच निघाले! कडक भाकरी, शेंगाचटणी, सतरंजी. मी कपाळाला हात लावला.

पण आईला पाण्याची भीती. ती मंडळी बांधावर बसली, होडीत आम्ही दोघंच. होडीवाल्यालासुद्धा "मीच वल्हवतो" म्हणून मी काठावर ठेवलं.

जरा आत गेलो. वारा पडलेला, पाणी एकदम शांत. होडी फिरून माझी पाठ बांधाकडं झाली. मी सुरू केलं, "खोली बघितलीय मी. आईला इतक्यात सांगायचं नाही."

ती नुसते डोळे मोठे करते. मला वाटलं, लाजतेय. मी आणखी जोरात, "अगं, आई प्रत्येक गोष्टीत नाक खुपसते! आणि आत्या? रात्रभर पहारा!"

"अय्यो, हळू बोला की ओ!"

"का? इथं कोण ऐकतंय? मासे?"

"समदी ऐकायलेत!"

वळून बघतो तर काय! आई, बाबा, आत्या हातात भाकरी धरून माझ्याकडं बघतायत. शेजारच्या सतरंजीवरचं बिऱ्हाडसुद्धा बघतंय. शांत पाण्यावरून आवाज इतका लांब जातो, हे मला कुणी सांगायला नको होतं?

तेवढ्यात बांधावरून आईचा आवाज आला. अगदी स्वच्छ. "खोली कुटं बघितलीस रं?"

वल्हं हातातून सुटून पाण्यात! शेवटी होडीवाला पोहत आला आणि आम्हाला ओढत काठाला घेऊन गेला. सगळा वेळ हसत होता मेला!

आई चिडली नाही हो. चिडली असती तर परवडलं असतं! म्हणाली, "उद्या दाव मला." दुसऱ्या दिवशी खोली बघितली. "हवेशीर हाय. पोरीचा संसार लावून देते. आठ दिवस ऱ्हाते मी तिच्याजवळ."

"आणि मी?"

"जागा लई लहान हाय. तू आपला बाबांच्याजवळ झोप जा."

ते आठ दिवस वर्षभर संपले नाहीत! सोबतीला म्हणून आत्याही तिकडं गेली. भाडं भरणारा मी, आणि संध्याकाळी जाऊन दार वाजवलं, की आई आतूनच विचारायची, "कोण हाय? काय काम हाय?"