ठेंगणी चौकट

"वाकून या. चौकट ठेंगणी हाय."

भर मे महिन्यात, आटलेल्या तलावाच्या भेगाळलेल्या चिखलात उभं राहून अण्णा मला असं म्हणाले, तेव्हा समोर चौकट नव्हती. भिंतही नव्हती. जोत्याचे थोडे दगड होते. अण्णांनी चपला काढल्या, मान खाली घातली आणि ते आत गेले.

अण्णा आमच्या साताऱ्याच्या पाटबंधारे कचेरीत ओव्हरसियर. मी विश्रामबागेच्या कॉलेजात शिकून नुकताच इंजिनियर झालेला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिलाच. मोजणीची लेव्हल कशी लावायची ते कॉलेजानं शिकवलं. गावच्या माणसाच्या ओसरीवर कसं बसायचं ते अण्णांनी. त्यांचं गाव या तलावाच्या जुन्या धरणात बुडालं होतं. गाव उठलं त्याच वर्षी त्यांची आई तिथल्या घरातच वारली. पण उन्हाळ्यात कालव्यांना पाणी सोडून सोडून तलाव तळाला जाई आणि गाव वर येई. मग मोजणीला गेलो की अण्णा न चुकता घरी जाऊन येत.

"अण्णा, दार कंच्या बाजूला हाय म्हनायचं?" जीपचा ड्रायव्हर चेष्टा करी.

"तुज्या समूरच हाय की रं. डोळं हायती का बटनं?"

त्या पहिल्या दिवशी मीही हसलो आणि ताठ मानेनं आत शिरलो. कपाळाला काहीतरी लागलं. उन्हानं भोवळ आली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी खाणावळीतल्या मावशींनी विचारलं, "कुठं धडकलात हो?" आरशात पाहिलं, तर सुपारीएवढं टेंगूळ.

अण्णा चुलीच्या जागेपाशी उकिडवे बसत. "आये, आलो गं," म्हणत. मग थांबत, समोरच्याचं बोलणं ऐकताना माणूस थांबतो ना, तेवढंच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. वेडी म्हणावीत, तर बाकी सगळ्या बाबतीत आमच्याहून शहाणी.

पुढं एक दुष्काळ येऊन गेला आणि त्याच तलावाची भिंत उंच करायचं निघालं. दोन आराखडे होते. एकात फक्त शेतीचं पाणी वाढणार होतं. गाव उन्हाळ्यात वर येत राहणार होतं. दुसऱ्यात माळावरच्या गावांना पिण्याचं पाणीही मिळणार होतं. ते बारा महिने राखून ठेवायचं, म्हणजे तलाव पुन्हा कधी आटणार नव्हता. साहेबांनी अण्णांचं मत विचारलं. अण्णा म्हणाले, "उद्या सांगतो."

त्याच दिवशी ते मला घेऊन लोणंदकडच्या माळावर गेले. धरणातून उठवलेली माणसं तिथं वसवली होती. त्यांची थोरली बहीण, आक्का, तिथंच राहायची. त्या डोक्यावर हंडा घेऊनच दारात आल्या.

"आयला भेटाय दर वरसाला जातूस," त्या म्हणाल्या. "माज्या डोईवरचं वझं कवा बघशील रं?"

अण्णांनी उठून हंडा उतरवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या आराखड्याला पसंती दिली.

भिंत पुरी होण्याआधीच्या शेवटच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी वाकलो.

"आये, आता पानी हटायचं न्हाई," अण्णा चुलीपाशी बसून म्हणाले. "आक्काच्या दारात नळ येतुया."

बराच वेळ ते ऐकत राहिले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं, आणि माझाच आवाज मला परका वाटला.

"म्हनली, दार तेवढं लावून जा."

बाहेर येऊन त्यांनी हात पुढं केला आणि हवेत काहीतरी ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज झाला. लांब जीपपाशी बिडी ओढत उभा असलेला ड्रायव्हर वळून पाहू लागला.

त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. नळ यायच्या आत अण्णा गेले.

नळ सुरू झाला त्या दिवशी मी आक्कांच्या अंगणात होतो. शेजारणी घागरी घेऊन उभ्या होत्या. आधी नळातून नुसतीच हवा आली. मग आत, खूप खोल, कडी काढल्याचा आवाज झाला. तो मी ओळखला; त्या घरात वाढलेल्या आक्कांनीही. पाठोपाठ पाणी आलं.

आक्कांनी हंडा लावला नाही. डोक्यावर पदर घेऊन त्या आपल्या घराच्या दाराकडं वळल्या. दार चांगलं उंच होतं. दारात कोणी नव्हतं.

"वाकून ये गं आये," त्या म्हणाल्या, आणि वाट देऊन जरा बाजूला सरकल्या.