आधी माणसाला वाचून दाखवा

माझी धाकटी बहीण कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. बहीण म्हणून सांगत नाही, पण मुलांना तिच्यासारखं लिहायला शिकवणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नाही. तिचा एक नियम आहे. ज्याच्यावर प्रयोग केला, त्याला अहवाल आधी वाचून दाखवायचा. त्याला त्यात स्वतःची ओळख पटली नाही, तर कागद परत. मुलं कुरकुरतात. प्रयोगाला कुणी मिळालं नाही की माझ्याकडे येतात. मी त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक.

यंदा हा नियमच धोक्यात आला. माणसाला कळावं म्हणून असलं साधंसुधं लिहिलं, तर बाहेरचे परीक्षक मार्क देत नाहीत, असं विभागप्रमुखांचं म्हणणं. या खेपेला प्रात्यक्षिकात मुलं मागे पडली, तर हे वाचन-बिचन बंद. बहीण घरी येऊन अर्ध्या जेवणावरून उठली. मला असा संताप आला म्हणता!

त्यात माझ्या वाट्याला आली ‘पंडितबाई’. पोरगी हुशार, पण लिहायला बसली की शब्दांना इस्त्रीच करत बसते, म्हणून बहिणीने ठेवलेलं नाव. तिने मला काही शब्द ऐकवले, थोड्या वेळाने आठवून सांगायला लावले, आणि आठवड्याने अहवाल वाचायला आली. “प्रयुक्त व्यक्तीमध्ये चिंतेची तीव्र लक्षणे आढळली. चिंतेमुळे स्मृती क्षीण होते, हे यावरून सिद्ध झाले.”

प्रयुक्त व्यक्ती म्हणजे मी. म्हटलं, “अगं बये, गॅसवर दूध होतं माझं.”

पोरगी ओशाळली. मी मधेच दोनदा उठून गेले, हे तिने पाहिलं होतं, पण असलं काही शास्त्रात लिहितात होय, असं तिला वाटलेलं. बहिणीने एवढंच सांगितलं, की दिसलं ते लिही आणि दिसलं नाही त्याच्या वाटेला जाऊ नकोस. रडतकढत तिने सगळं पुन्हा लिहिलं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षकांनी नेमका तिचाच अहवाल उचलला आणि मोठ्याने वाचायला सांगितला. शेजारी विभागप्रमुख, मागे माझी बहीण. पोरीने वाचलं, “बाईंचं दूध गॅसवर होतं. त्या दोनदा उठून गेल्या. नंतर त्यांना थोडेच शब्द आठवले. ते चिंतेमुळे की उठण्यामुळे, हे मला सांगता येत नाही. प्रयोगाची वेळ मी चुकीची निवडली.”

निष्कर्ष कुठाय, परीक्षकांनी विचारलं. हाच, ती म्हणाली.

परीक्षकांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, “दूध उतू गेलं का हो?”

“ते मी पाहिलं नाही, सर. म्हणून लिहिलं नाही.”

परीक्षक खुदकन हसले आणि तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क देऊन गेले. जाताना, यांना लिहायला कोण शिकवतं, असं विभागप्रमुखांनाच विचारलं. त्यांना माझ्या बहिणीकडे बोट दाखवावं लागलं. वाचन बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी बहीण चपला न काढताच हे सगळं सांगत सुटली. माझा ऊर भरून आला. उतू गेलं होतं गं, मी म्हटलं, ओटा पुसता पुसता नाकी नऊ आले.

“मग तिला सांग,” बहीण म्हणाली. “‘बाईंनी नंतर सांगितलं’ असं लिहील ती.”