केशोरीच्या पटांगणात समुद्र

"माह्या पहिलीच्या पोरांले समुद्रात कोन कोनाले खाते ते सांगून दे," रजनी फोनवर म्हणाली. रजनी माझी कॉलेजची मैत्रीण, गोंदिया जिल्ह्यात केशोरीला शिक्षिका. मी रत्नागिरीत समुद्रजीवांवर काम करते. पण सहा वर्षांच्या मुलांसमोर कधी उभी राहिले नव्हते. तरी 'येते' म्हणून बसले!

मुंबईहून गाडी दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचली. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "केशोरी? उधर क्या है, मॅडम?"

"समुंदर!"

तो पोट धरून हसला आणि त्यानंच झणझणीत रश्शाच्या तर्री-पोह्यांची हातगाडी दाखवली. चुकवू नका, मात्र रुमाल हाताशी ठेवा. पुढे अर्जुनीपर्यंत पॅसेंजर, मग जीप. ती गच्च भरल्याशिवाय हलत नाही. दोन्हीकडे कापलेले धान, मधूनच तळी, बगळे. रात्री रजनीकडे भात आणि तळ्यातल्या झिंग्यांचा रस्सा. मी तीनदा वाढून घेतलं.

सकाळी पटांगणात चुन्यानं समुद्र आखला. "कोण काय होणार?"

"शार्क!" सगळेच ओरडले.

"बरं. खा आता."

सगळे शार्क एकमेकांकडे बघत उभे. खायला कोणीच नाही! रजनीनं कपाळाला हात लावला. एवढ्या लांब येऊन फजिती!

तेवढ्यात दोन वेण्यांची पूनम पुढे आली. "मॅडम, मी शेवाळ होतो. नाही तं हे सगळे उपाशी मरतीन."

मी तिला उचलूनच घेतलं! मग काही झिंगे झाले, काही बांगडे. झिंगे शेवाळामागे, बांगडे झिंग्यांमागे, शार्क बांगड्यांमागे. धूळ, किंचाळ्या, हसू. मोठे सर दटावायला आले, तर पोरांनी त्यांना देवमासा केलं. तेही हात पसरून धावले! दुसऱ्या डावात सगळ्यांनाच शेवाळ व्हायचं होतं.

निघताना पूनमनं जीपची खिडकी धरली. "मॅडम, अन् समुद्राले कोन खाते?"

जीप सुटली.

घरी ताटात बांगडा होता. बाबांना तोच प्रश्न विचारला. काटा काढता काढता ते म्हणाले, "आपणच की."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेत रजनीला फोन लावला, पूनमला बोलावलं आणि बाबांचं उत्तर सांगितलं.

"मंग तं तुमचं पोट लय दुखत असन, मॅडम!"