अंगणातली मुंबईची खोली

सासूपुढं तोंड उघडायचं नाही, असं आईनं मला लग्नात बजावून सांगितलं होतं. पाच वर्षं मी ते पाळलं. म्हणजे जमेल तितकं पाळलं. पण घरात मुंबईची गोष्ट निघाली आणि माझा तोंडावरचा हात सुटला तो सुटलाच.

आमचे मालक सोलापूरच्या एका कापडगिरणीत फिटर होते. शुक्रवार पेठेतल्या एका बोळात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, पुढं ऐसपैस अंगण, अंगणात लिंबाचं झाड आणि त्याला बांधलेली आत्याबाईंची शेळी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात धाकटे दीरही होते. थोरली लेक चार वर्षांची, धाकटा अजून रांगत होता. असं सगळं सुखात चाललेलं असताना मुंबईच्या एका गिरणीतून मालकांना बोलावणं आलं. पगार इथल्यापेक्षा दांडगा. पण तिथलं घरभाडं! एकच खोली, दहा फूट लांब, दहा फूट रुंद, आणि तिचं भाडं ऐकून आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"तू एकला जा," त्या लेकाला म्हणाल्या. "खानावळीत जेव, चार गड्यांत मिळून ऱ्हा. बायकू-पोरं हितं माज्याजवळ ऱ्हातील. समदी असंच करत्यात."

सगळे तसंच करायचे, हे खरंच होतं. माझी थोरली बहीण वळसंगला दिलेली. तिचा नवरा मुंबईला, वर्षातून एकदा दिवाळीला यायचा. एका दिवाळीला तो दारात उभा राहिला तर त्याचंच पोरगं आत पळत गेलं, "आई, पाव्हणं आलंय!" बहीण हे हसत हसत सांगायची. मला कधी हसू आलं नाही. मला आमचे मालक आवडायचे. घ्या, सांगून टाकलं. त्या काळी बायका असं बोलून दाखवत नव्हत्या, म्हणून काय आवडत नव्हते थोडेच?

मालक मात्र हो म्हणेनात की नाही म्हणेनात. आईपुढं खाली मान घालून बसले. मग मीच बोलले.

"जायचं तर आमी चौघांनी. न्हाईतर कुणीच न्हाई."

"दहा फुटांत चार मान्सं?" आत्याबाई म्हणाल्या. "कोंबड्या हायत व्हय गं?"

"मावत्यात की!"

"कशी मावत्यात?"

"दावते तुमाला!"

रविवारी गिरणीला सुट्टी. सकाळीच मी रांगोळीचा डबा घेऊन अंगणात बसले आणि मुंबईची खोली काढायला लागले. मालक मिसरी लावत बाहेर आले. बघत उभे राहिले. मग म्हणाले, "वाकडं काढलंस."

"मग तुमी काढा की सरळ!"

गिरणीचा माणूस तो, कोपरा वाकडा दिसला तर त्याला जेवण गोड लागायचं नाही. आत जाऊन दोरी आणली, फूटपट्टी आणली, माझी रांगोळी पुसून नव्यानं चौकोन आखला. दाराला जागा सोडली, कोपऱ्यात मोरी दाखवली. मी त्यात ट्रंक, वळकटी, शेगडी, पाण्याची घागर असं सगळं नेऊन मांडलं आणि लेकरांना घेऊन आत बसले. नियम एकच, ये-जा करायची ती दारानं. थोरलीनं तो असा काही मनावर घेतला की विचारू नका. कुणाचं पाऊल रेघेवर पडलं की "भिंत! भिंत!" करून ती गल्ली डोक्यावर घ्यायची.

शेजारची तेलुगू विणकरीण पीठ मागायला आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. "अय्यो, एवढं घर असून उन्हात काय बसलाय?"

"मुंबईला आलोय. दारानं या."

ती बिचारी खरंच वळसा घालून दारानं आली. शेळीला मात्र कोण सांगणार? ती दावं सोडवून भिंतीतून आत शिरली आणि मेथीची अख्खी जुडी फस्त करून गेली. भाकरी थापताना माझं कोपर मालकांच्या नाकावर बसलं. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. जेवून मालक आडवे झाले, तर दोन्ही पाय रेघेच्या बाहेर!

ओसरीवर ज्वारी पाखडत आत्याबाई सकाळपासून सगळं बघत होत्या. आता त्यांना आयतंच सापडलं. "अंथरूण बघून पाय पसरावं म्हंत्यात. ह्येचं पाय शेजाऱ्याच्या घरात गेलं की!"

तेवढ्यात मालक उठले, वळकटी ओढली आणि कोनाकोनी निजले. पाय आत! उरलेल्या जागेत मी दोन्ही लेकरांना घेऊन आडवी झाले आणि ओरडले, "मावलो!"

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि अंगणात उतरल्या. रेघेवरून नाही आल्या. वळसा घालून दाराशी आल्या, थांबल्या, आणि हवेतच कडी वाजवून म्हणाल्या, "हाय का कुनी घरात? सोलापूरहून आले मी. येऊ का आत?"

स्वतःच्या अंगणात ती बाई मला विचारत होती. मी चटकन उठून बसले. "या की, आत्याबाई."

आम्ही सरकलो. त्या मोरीशेजारी टेकल्या, धाकट्याला मांडीवर ओढला आणि त्याच्या जावळातून हात फिरवत राहिल्या. सोबतीला घरात धाकटे दीर होते, तरी नातवंडांवाचून हे अंगण त्यांना खायला उठणार, हे मला तेव्हा कळलं. दिवसभर माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

"मावतंय की रं समदं," त्या लेकाला म्हणाल्या. "मग एकला कशाला जातूस? घिऊन जा हिला. सनासुदीला मी यीन. ही मोरीजवळची जागा माजी."

मालक म्हणाले, "मी कुटं एकला जातो म्हणलं होतं?"

"मग सकाळीच सांगायला काय झालं होतं तुमाला?" मी भडकलेच.

"खोली आखायला गंमत वाटली," ते म्हणाले. यावर आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मुंबईची खरी खोली आमच्या चौकोनापेक्षा हातभर लहानच निघाली. मालक तिथंही कोनाकोनीच निजायचे. दिवाळीला आत्याबाई आल्या, डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गठुडं. दार सताड उघडं होतं, तरी उंबऱ्याशी थांबून त्यांनी कडी वाजवली. "हाय का कुनी घरात?"

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रंकेवर वळकटी, वळकटीवर लेकरांचं सामान. पण मोरीशेजारी मी काहीच ठेवलं नव्हतं, एक तांब्यासुद्धा नाही. आत्याबाईंनी तिकडं एकदा बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग सरळ तिथं जाऊन बसल्या आणि पाय लांब करून म्हणाल्या, "पानी दे गं."