वासाचा सिनेमा

तिंगहोक भावजी तैवानात, आमच्या ताइनान शहरात सिनेमे काढायचे. आमच्या बोलीतले, रडके, काळेपांढरे. रंगीत सिनेमे आले आणि भावजींना कुणी विचारेना. मग त्यांच्या डोक्यात वास शिरला. पडद्यावर मासा तळला की थिएटरभर मासा दरवळायचा. पडद्यामागे पंखे, नळ्या आणि शेगडी. शेगडीपाशी अर्थातच त्यांची बायको, माझी ताई सोकहुई. तिच्या केसांतला तळणाचा वास जाईना. भावजी तिला 'आमची नायिका' म्हणायचे. लोक गंमत म्हणून यायचे आणि मासा संपला की उठायचे. शेवटपर्यंत कुणी बसत नाही, हेच भावजींना खुपायचं.

पुढच्या सिनेमात आई मरत होती. त्या प्रसंगाला खऱ्या उदबत्त्या आणि मयताला परलोकात खर्चायला देतात त्या कागदी नोटा जाळायच्या, असं त्यांनी ठरवलं. ताई म्हणाली, मयताचा वास अंगावर घेऊन कुणी पोराबाळांच्या घरात शिरतं का?

"वास आला की रडतील," भावजी म्हणाले. "रडणारा माणूस उठत नाही."

ताईने शेगडीपाशी बसायला नकार दिला. पहिल्या खेळाला पडद्यावरची आई मेली, धूर सुटला आणि बायका पोरांना काखोटीला मारून बाहेर आल्या. दारात ताई उभी. मयताहून परतल्यावर अंगावर शिंपडतात ते कडू पानांचं पाणी तिने बादलीभर आणलं होतं. येईल त्याच्यावर शिंपडत होती. आत हे कळल्यावर उरलेलेही उठले.

"धूर मी केला," भावजी तिला म्हणाले. "माणसं तू उठवलीस."

त्यानंतर एकही थिएटरवाला त्यांना दारात उभं करेना. ताईने नूडल्सचा गाडा टाकला, भावजी तिथे वाडगे विसळू लागले. गिऱ्हाईक अर्धवट टाकून उठलं की म्हणायचे, "बादली दाखवलीस वाटतं."

"तुमच्या सिनेमापेक्षा जास्त वेळ बसलं," ताई म्हणायची. वीस-बावीस वर्षं हेच चाललं.

या हिवाळ्यात भावजी गेले. अंगणात मांडव घातला, उदबत्त्या लावल्या, कागदी नोटा जाळल्या. गर्दी चांगली झाली. विधी उरकले आणि माणसं दाराशी पाणी शोधू लागली. न शिंपडता घरी जायचं कसं? एकेक जण परत येऊन खुर्चीवर टेकला. कुणी डोळे पुसत होतं, धुराने असेल. मी ताईच्या कानात म्हटलं, पानं कुठे आहेत सांग, पाणी मी करते.

"पानं आहेत," ताई म्हणाली. "राहू दे. बसू दे त्यांना जरा."