प्रणिताची यादी

रोह्याजवळच्या अष्टमी गावात कुणाला कॉम्प्युटर घ्यायचा असला की माणूस आधी नितेशच्या दारात यायचा. धाटावच्या एका कंपनीत तो ऑपरेटर होता; पण चार वर्षांपूर्वी त्याने एकेक भाग आणून, स्वतःच्या हाताने गेम खेळायचा कॉम्प्युटर जुळवला, आणि त्याचं नाव झालं. एका बाजूला काच, आत निळे दिवे. पूल ओलांडून रोह्याहून लोक तो बघायला आले होते. कुणी सल्ला विचारला की नितेशची छाती बोटभर फुगायची.

पेणला त्याची रंभामावशी राहायची. तिची मुलगी प्रणिता गणपतीच्या कारखान्यात आखणीला होती, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला. हात इतका स्थिर की मालक मोठ्या मूर्ती तिच्यासाठी राखून ठेवायचा. ती अष्टमीला आली की नितेशच्या कॉम्प्युटरवर खेळायची. सुरुवातीला त्याला तिचं कौतुक वाटलं. पुढे ती जिंकायला लागली. मग ती आली की नितेशचं डोकं दुखायला लागायचं, नाहीतर व्होल्टेज कमी असायचं.

यंदा दसऱ्याला तो मावशीकडे गेला, तर प्रणिता वही घेऊनच पुढ्यात येऊन बसली.

"दादा, मी स्वतःचा जुळवणार हाय. एवढी यादी बघ. एकमेकांना न जुळणारं काय घेतलं तर पंचाईत व्हायची."

नितेशने वही घेतली. प्रोसेसर नव्या पिढीचा. ग्राफिक्स कार्डाची ओळ त्याने दोनदा वाचली. त्याच्याकडच्या कार्डापेक्षा ते दोन पायऱ्या वरचं होतं. तो चूक शोधायला लागला. तिला सांगावी म्हणून नव्हे, नुसती सापडावी म्हणून. कार्ड कॅबिनेटात मावणार नाही, असं त्याला वाटलं. तर तिने कॅबिनेटची आतली लांबी लिहून शेजारी बरोबरची खूण केली होती. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा हिशेबही चोख, वर शंभर वॅट सोडलेले. मदरबोर्डचं सॉकेट प्रोसेसरला तंतोतंत. हे सगळं ती दुपारच्या सुट्टीत, रंगाचे हात धुऊन, मोबाईलवर बघून शिकली होती.

मग शेवटून दुसऱ्या ओळीवर त्याची नजर थांबली. मदरबोर्ड डीडीआर-फाइव्ह रॅमचा होता आणि तिने लिहिली होती डीडीआर-फोर. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात. एक दुसऱ्याच्या जागी कधीच बसत नाही. एवढी एकच चूक. नितेशला उन्हातून सावलीत आल्यासारखं बरं वाटलं.

"काय रे, चुकलंय काय?" प्रणिताने विचारलं.

"नाय. बरोबर हाय सगळं," तो म्हणाला आणि वही मिटून तिच्या हातात दिली. "फक्त रॅम बसवताना जरा जोर लावायला लागतो. घाबरू नकोस."

हे शेवटचं खरंच होतं. पण परतताना तेच त्याला टोचत राहिलं.

पुढचे पंधरा दिवस त्याने तिला फोन केला नाही. वाटायचं, दुकानदार सांगेल तिला. पण प्रोसेसर, बोर्ड आणि कार्ड तिने पनवेलच्या दुकानातून आणलं, आणि रॅम ऑनलाइन सेलमध्ये घेतली. तेव्हा कुणी सांगणारंच नव्हतं. रोज तिचे फोटो यायचे. आज कॅबिनेट आलं, आज कार्ड आलं. नितेश प्रत्येक फोटोला अंगठ्याचं चिन्ह पाठवायचा आणि मोबाईल पालथा ठेवायचा.

रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"दादा, बाकी सगळं बसलं. रॅम बसत नाय. खाच थोडी बाजूला पडत्येय. तू म्हणालास जोर लागतो. लावू काय?"

'लाव' म्हटलं असतं तर बोर्डावरची रॅमची जागा तुटली असती आणि नवाकोरा बोर्ड गेला असता. कुणालाही कळलं नसतं. नवखी आहे, हाताने मोडला, असंच सगळे म्हणाले असते. हे सगळं त्याच्या मनात क्षणात येऊन गेलं आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"हात काढ," तो म्हणाला. "काय पण करू नकोस. मी येतोय."

नागोठण्यापर्यंत त्याने गाडी सुसाट मारली. वडखळच्या नाक्यावर चहाला थांबला तेव्हा थाप तयार झाली: त्या दिवशी घाई होती, ओळ नजरेतून सुटली. चहा संपेपर्यंत त्याने ती दोनदा मनात म्हणून पाहिली. चांगली वाटली.

तो पेणला पोचेपर्यंत प्रणिताने बोर्डाचा खोका वाचला होता. फरशीवर चादर अंथरून तिने सगळे भाग ओळीने मांडले होते, स्क्रू वाट्यांमध्ये वेगवेगळे.

"बोर्डाला डीडीआर-फाइव्ह लागते," ती म्हणाली. "तुला दिसलं नव्हतं?"

नितेशने तोंड उघडायच्या आत रंभामावशी बोलली. "अगं, सणाचा दिवस होता. त्याच्या डोळ्यावर झोप. मुद्दाम लपवलं काय त्याने? तो काय परका हाय?"

थाप मावशीने आयती हातात आणून दिली होती. तिच्याकडून ती ऐकली आणि नितेशला घ्यायची लाज वाटली.

"दिसलं होतं," तो म्हणाला.

मावशी पदराने हात पुसत होती, ती तशीच थांबली. प्रणिताने त्याच्याकडे नीट पाहिलं, कारखान्यात मूर्तीकडे पाहते तसं.

"मग?"

"तुझा माझ्याहून चांगला होणार होता."

प्रणिताने रॅमच्या पट्ट्या उचलून पुन्हा डबीत ठेवल्या. पाकीट फोडलेलं; विकणारा परत घेणार नव्हता.

"ती माझ्या कॉम्प्युटरला चालते," नितेश म्हणाला. "मी घेतो. तुझी घेऊन येतो."

"ये घेऊन," ती म्हणाली. दादा म्हणाली नाही.

तो पनवेलला गेला. दोन दुकानं पालथी घातली, दोनदा खोका वाचला आणि दुपार कलताना परत आला. हात धुऊन तो चादरीजवळ बसायला गेला, तर प्रणिता म्हणाली, "नको. मी बसवते. तू बस तिकडे."

तो मावशीशेजारी जाऊन बसला. मावशीने त्याच्यापुढे जेवण वाढलं, पण रोजच्यासारखा आग्रह केला नाही. पट्ट्या टक् टक् करून बसल्या. प्रणिताने बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. तिने गेम लावला तेव्हा झाडाचं पान न् पान वेगळं हलताना दिसत होतं. नितेशच्या कॉम्प्युटरवर त्या जागी नुसता हिरवा डाग दिसायचा. सगळं कबूल करूनसुद्धा तो त्या पडद्यावर चूकच शोधत होता.

महिनाभर फोन आला नाही. मग एका रविवारी सकाळी आला.

"आमच्या गेमच्या टीममध्ये एक माणूस कमी हाय. येतोस?"

तो हेडफोन लावून बसला. टीमची पुढारी तीच होती. ती सांगेल तिकडे तो गेला, सांगेल तिथे थांबला, आणि तासाभरात ते दोनदा हरले, तिसऱ्यांदा जिंकले.

बाकीचे निघून गेल्यावर तिचा आवाज आला. "अजून जळतोस काय रे?"

"व्हय," तो म्हणाला.

"बरं. पुढच्या रविवारी अकराला ये. उशीर करू नकोस."